बाटली स्वच्छ होती

नीलाताई येळवंडे यांनी अकरा वर्षं बाटल्या धुतल्या. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, वर्णिका नावाच्या कंपनीत, प्रयोगशाळेच्या मागच्या मोरीपाशी. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या. दिवसाला दोनशे. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग तीनदा शुद्ध पाणी, मग ॲसिटोन, मग भट्टी. शेवटी बाटली उजेडाकडे धरायची. काचेवर थेंबाचा डाग जरी दिसला तरी परत पहिल्यापासून.

त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांनाही ठाऊक होतं, पण बाटली धुणाऱ्या बाईला असं कुणी सांगत नाही.

घर निघोज्यात. कंपनीची भिंत सासऱ्यांच्या हरभऱ्याच्या वावरातून गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली. नवरा किसन आधीच दुसऱ्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवत होता. म्हणून नाव सुनेचं लागलं. सून लग्नाआधी चाकणच्या कॉलेजात बी.एस्सी.चं एक वर्ष करून आलेली. सासूबाई सरुबाई म्हणाल्या, "शाळा शिकली आन् भांडी घासाय लागली. ती तर घरीबी हायेत की."

नीलाताई हसल्या. मोरीपासून यंत्रं दिसत होती. तेवढं त्यांना पुरत होतं.

कंपनी तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या बनवायची. गाडीच्या बॅटरीवर, औषधांच्या खोक्यावर चिकटवायच्या. पट्टीचा रंग उडाला की समजायचं, माल तापला. पट्टीत जो रस असतो त्याला द्रवस्फटिक म्हणतात. वाहतो द्रवासारखा, पण आतले कण स्फटिकासारखे शिस्तीत. पुढे आरोही नावाची मुलगी कंपनीत आली. कागदपत्रांच्या विभागात. मराठी घेऊन एम.ए. झालेली. तिला काहीच कळेना, तेव्हा नीलाताईंनी डबा खाताना समजावलं.

"शिफ्ट सुटायच्या आधी गेटवर रांग लागते बघ. चुळबुळ चालू असते, पण सगळ्यांची तोंडं गेटकडं. हा झाला द्रवस्फटिक. भोंगा झाला की रांग मोडली. कोण बसकडं, कोण गाडीकडं, कोण चहाला. हा झाला साधा द्रव. आणि भोंगा म्हणजे ते तापमान."

"आणि सिलिका?"

"त्या गर्दीत मध्येमध्ये खांब रोवायचे. ती सिलिका."

सिलिका म्हणजे पांढरी भुकटी. पिठापेक्षा कितीतरी बारीक. चमचाभर घेतली तर हाताला वजन लागत नाही. रस पट्टीवरून ओघळू नये म्हणून ती मिसळतात. भुकटीचे कण एकमेकांना धरून जाळं करतात आणि रस त्या जाळ्यात अडकून राहतो. पण मग रसाचा स्वभाव बदलतो. अंश-दीड अंश आधीच त्याची रांग मोडते. तीही एका झटक्यात मोडत नाही. रेंगाळत मोडते.

बाराव्या वर्षी प्रयोगशाळेतला एक माणूस नोकरी सोडून गेला. डॉ. दिग्विजय सुर्वे विभागाचे प्रमुख होते. पिंपळे सौदागरला राहायचे, गाडीत इंग्रजी बातम्या ऐकत यायचे. त्यांनी मोरीकडे बोट केलं. "नीला, उद्यापासून तू नमुने तयार कर. दुसरा माणूस मिळेपर्यंत." दुसरा माणूस त्यांनी शोधला नाही.

नीलाताईंना नमुन्यांचं वेड लागलं. भुकटी भट्टीत दोनशे अंशाला वाळवायची, गार करायची, वजन करायची, ॲसिटोनमध्ये रसाबरोबर कालवायची, मग ॲसिटोन हळूहळू उडवायचं. कार्यपद्धतीच्या कागदावर, ज्याला सगळे एसओपी म्हणायचे, सहा ओळी होत्या. त्या सहा ओळी तंतोतंत पाळूनही नमुना रोज वेगळा यायचा. आज एक अंश खाली, उद्या दोन. सगळे म्हणायचे, ऑगस्ट आहे, चालायचंच.

त्यांना चालेना.

एका संध्याकाळी भट्टीतून भुकटीची बाटली काढत होत्या आणि बसचा हॉर्न वाजला. निघोज्याकडची शेवटची बस. घाईत त्यांनी गरम बाटलीलाच झाकण लावलं आणि पळाल्या. सकाळी झाकण निघेना. आतून कुणी ओढून धरल्यासारखं बसलेलं. त्या भुकटीचे पाच नमुने केले. पाचही एकसारखे.

त्या दिवशी जेवण गेलं नाही त्यांना. गोष्ट एवढीशी होती. घरी काही भाजलं तर गार करायचं, मगच डब्यात भरायचं. गरम भरलं तर घाम सुटतो, सगळं सादळतं. सरुबाईंनी पहिल्या दिवाळीलाच सुनेला हे शिकवलं होतं. प्रत्येक घरात शिकवतात. त्यामुळे कागदावर ‘गार करा’ असं वाचलं की हात आपोआप बाटली उघडी ठेवायचा. पण ही भुकटी चिवडा नव्हे. हिच्यात घाम उरलेलाच नसतो. ही गार होता होताच हवेतलं पाणी पिते. झाकण गरम असतानाच लागलं पाहिजे. चिवड्याचा नियम इथे उलटा.

त्यांनी ते नोंदवहीत समासात लिहिलं. महिन्याभराने बाहेरचे तपासनीस आले. त्यांनी समास वाचला आणि विचारलं, हे कार्यपद्धतीत कुठे आहे? कुठेच नव्हतं. कंपनीच्या नावावर एक शेरा पडला. सुर्वे सरांनी वही टेबलावर आपटली. "जे एसओपीत आहे तेच करायचं. जे एसओपीत आहे तेच लिहायचं. तुझी अक्कल समासात नको. खोड ते."

नीलाताईंनी खोडलं. काय खोडलं ते सरांनी वाचलं नाही.

झाकण मात्र त्या गरमच लावत राहिल्या.

पुढच्या वर्षी एप्रिलात त्यांनी भुकटीचं प्रमाण बदलून पाहिलं. जरा जास्त, जरा कमी. नमुना सोळा यंत्रात ठेवला. रस तापत गेला आणि आलेखावर उंचवटा उमटला. रांग मोडण्याचा उंचवटा. मग त्याच्या शेजारी आणखी एक. एक टोकदार, एक बसका.

त्यांनी तीनदा तपासलं. दोनच.

त्यांना ते समोर दिसलं. खांबांपासून लांबची माणसं आणि खांबांना धरून उभी असलेली माणसं. भोंगा एकच, पण दोघांना तो एकाच वेळी ऐकू जात नाही. त्या आलेख घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सर फोनवर होते. आलेखाकडे बघितलं, हाताने म्हणाले, ठेव.

दोन दिवसांनी सोमवार. सोमवारी सकाळी कामगार, सुपरवायझर, प्रयोगशाळा, सगळे शेडमध्ये उभे राहतात. चाळीस माणसं. सर पुढे आले. त्यांच्या हातात बाटली होती.

"हा नमुना सोळा. एकाच पदार्थाचे दोन उंचवटे आलेत. याचा अर्थ काय, कोण सांगेल?"

सर उत्तरासाठी थांबले नाहीत.

"याचा अर्थ, आत घाण आहे." त्यांनी बाटली उंच धरली. "अकरा वर्षं भांडी घासली आणि अजून बाटली धुता येत नाही. खालच्याला वर बसवलं की हे असं होतं."

पहिला विलास हसला. विलास प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ, सरांचा माणूस. मग आणखी दोघं-तिघं हसली. नीलाताई तिसऱ्या रांगेत होत्या. म्हणाल्या, "सर, बाटली स्वच्छ होती."

"काय?"

"बाटली स्वच्छ होती."

"वर तोंड करून बोलते," विलास म्हणाला.

दुपारी मेमो आला. ‘काचेच्या भांड्यांची अपुरी स्वच्छता.’ संध्याकाळी बदली. पॅकिंग. आठ तास उभं राहून खोकी बांधायची.

तिसऱ्या दिवशी घरी भांडी घासता घासता नीलाताई म्हणाल्या, "त्याच्या तोंडून काढून घेणार."

"काय काढून घेणार?" सरुबाईंनी विचारलं.

"बाटली स्वच्छ होती, एवढं. तिथंच. त्याच माणसांपुढं."

"आगं, मोठी मानसं ती. हत्तीच्या पायाखाली कशाला जाती?"

"जात नाही. हत्ती येईल इकडं."

आठ महिन्यांनी रिसेप्शनच्या भिंतीवर एक चौकट लागली. राष्ट्रीय परिषदेत डॉ. सुर्वे यांच्या निबंधाला पारितोषिक. विषय, सिलिका कणांमुळे द्रवस्फटिकाच्या अवस्थांतरात होणारे बदल. दुसरं नाव विलासचं. खाली आलेख छापलेला. दोन उंचवटे.

नीलाताई कुरिअरचं खोकं द्यायला तिथून जात होत्या. खोकं खाली ठेवलं. आलेखाच्या डाव्या अंगाला एक बारीक खाच होती. त्या दिवशी वीज गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्र अडखळलं होतं. ती खाच. दुसऱ्या कुठल्या आलेखाला ती असायचं कारण नव्हतं. हा नमुना सोळा होता. घाण बाटलीतला.

खोकं उचलून त्या कुरिअरवाल्याकडे गेल्या. सही घेतली. जेवताना आरोहीला सांगितलं, चटणी किती तिखट झालीय ते सांगावं तशा आवाजात. आरोहीचा घास हातातच राहिला.

"ताई, तक्रार करा. नाव मागा निबंधावर."

"नावाचं काय करू? आमच्यात कोण वाचणार ते?"

"मग गप्प बसणार?"

"गप्प बसणारच," नीलाताई म्हणाल्या. "त्याला अजून करता येत नाही."

आरोहीला हे वाक्य तेव्हा कळलं नाही.

कळलं पुढच्या ऑगस्टात. बॅटरी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांनी निबंध वाचला होता. त्यांना पट्ट्या हव्या होत्या, पण एका अटीवर. आमच्यासमोर पाच नमुने करा. पाचही एकसारखे हवेत. नवी पट्टी, नवी शेड, सगळं त्या पाच बाटल्यांवर होतं. कारखान्याचे प्रमुख दौलतराव स्वतः येऊन उभे राहिले.

विलासने नमुने केले. पाच बाटल्या, पाच तऱ्हा. एकीत एक उंचवटा, दुसरीत बसकं काहीतरी, तिसरी नुसतीच रेंगाळली. दोन उंचवटे कुठेच नाहीत.

"मूळ नोंद बघू," पाहुणे म्हणाले.

नोंदी आरोहीकडे असायच्या. मागितली की द्यायची, हेच तिचं काम. तिने वही उघडून दौलतरावांच्या हातात दिली. नमुना सोळा. तयार करणार, नी. कि. येळवंडे. तारीख मेमोच्या दोन दिवस आधीची. दौलतरावांनी तारीख वाचली, सुर्वेंकडे पाहिलं आणि वही मिटली.

पाहुण्यांनी दहा दिवस दिले.

पॅकिंगमधून काचेपलीकडे प्रयोगशाळा दिसते. पहिले चार दिवस सुर्वे सर स्वतः कोट घालून उभे होते. नीलाताई खोकी बांधत होत्या आणि बघत होत्या. सर हुशार माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांना ओलाव्याचा संशय आला. भुकटी त्यांनी दुप्पट वेळ वाळवली. भट्टीचं दार उघडलं, बाटली काढली. नीलाताईंचा हात चिकटपट्टीवर थांबला. सरांनी बाटली टेबलावर ठेवली. उघडी. गार व्हायला.

नीलाताईंनी पट्टी तोडली.

"काय झालं, ताई? हसताय?" शेजारच्या बाईने विचारलं.

"काही नाही. चिवडा आठवला."

पाचव्या दिवशी विलास आला. "ताई, साहेबांनी बोलावलंय."

"साहेबांना पाय आहेत ना?"

"अहो, असं काय करता? कंपनीचा प्रश्न आहे. आपल्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"विलासभाऊ, त्या दिवशी तुम्ही हसला होता. आज पोट दाखवताय."

सहाव्या दिवशी हत्ती आला. पॅकिंगच्या दारात, खोक्यांच्या ढिगापाशी. "नीलाताई," सर म्हणाले. ताई पहिल्यांदा. "झालं गेलं विसरून जाऊ या."

"गेलं कुठं, सर? रिसेप्शनला टांगलंय की."

सर एक पाऊल जवळ आले. मग हळू आवाजात बोलले. प्रयोगशाळेत परत घेतो. मेमो फाइलमधून काढतो. पुढच्या निबंधात नाव घालतो. नीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं खोकं पूर्ण बांधलं.

"मला काही नको. सोमवारी शेडमध्ये बाटली हातात धरायची. आणि म्हणायचं, बाटली स्वच्छ होती."

"असं कसं म्हणता येईल? चाळीस लोकांपुढे?"

"चाळीसच होते तेव्हाही. मोजलेत मी."

सोमवारी शेड भरली. दौलतराव खुर्ची सोडून उभे राहिले. सुर्वे सर पुढे आले. बाटली हातात होती. खालीच धरलेली.

"गेल्या वर्षी नीलाताईंच्या बाबतीत थोडा गैरसमज..."

"गैरसमज नाही, सर," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "बाटली."

सर थांबले. बाटली या हातातून त्या हातात घेतली. "बाटली स्वच्छ होती."

"मागं ऐकू गेलं नाही."

दौलतराव जमिनीकडे बघत होते. कुणी हसलं नाही, विलासही नाही.

"बाटली स्वच्छ होती," सर मोठ्याने म्हणाले. आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत आला.

नीलाताईंनी मान हलवली. सोळा महिने ज्याच्यासाठी त्या जगल्या ते वाक्य होतं हे. गोड लागलं. गूळ तोंडात ठेवावा तसं. आणि गूळ विरघळला.

मग त्या प्रयोगशाळेत गेल्या. पदर खोचला. "विलासभाऊ, बाटल्या धुवा."

"मी?"

"मग कोण? मला येत नाही धुता."

विलासने पाच बाटल्या धुतल्या. त्यांनी एकेक उजेडाकडे धरली. "परत." विलासने परत धुतल्या. "ही परत." चार वेळा. चौथ्यांदा विलासचे हात लाल झाले होते. पहिल्या खेपेलाच बाटल्या चांगल्या होत्या. हे नीलाताईंनी नंतर आरोहीला स्वतःच सांगितलं.

पाहुणे आले. आठ माणसं भोवती उभी होती. विलास मोबाइलवर चित्रण करत होता, सरांनीच सांगितलेलं. नीलाताईंनी भट्टी उघडली, दोन्ही हातांत जाड हातमोजे, आणि भट्टीच्या दारातच, सगळ्यांकडे पाठ असताना, झाकण लावलं. एका श्वासाचं काम. मग बाटली टेबलावर ठेवली. पाहुण्यांना चहा विचारला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बाटली झाकलेली होती. एक बाई बाटलीला झाकण लावते, यात कुणाला काय दिसणार?

पाच बाटल्या. पाचांत दोन-दोन उंचवटे. एकावर एक ठेवले तर एकच आलेख वाटावा.

पाहुण्यांनी हात मिळवले. सरांशी. सरांचा चेहरा उजळला होता. पाहुणे गेल्यावर ते जवळ आले. "नीलाताई, मानलं तुम्हाला. आता हे लिहून द्या. नक्की काय करता तुम्ही?"

"एसओपीत आहे तेच."

"ते मीही केलं."

"मग येईल, सर. करत राहा."

"नीलाताई, प्लीज. काहीतरी वेगळं करता तुम्ही."

"एसओपीत नसलेलं मी करत नाही. तुम्हीच शिकवलं."

सर बघत राहिले. ही बाई खोटं बोलते हे त्यांना कळत होतं. पण तसं म्हणायचं कसं? एसओपीत नसलेलं काही आहे, हेच कबूल करावं लागलं असतं. आणि ते समासात लिहिलेलं आपणच खोडायला लावलं, हे त्यांना आठवतही नव्हतं.

प्रयोगशाळेतली खुर्ची नीलाताईंनी नाकारली. आरोहीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तिथं बसले तर त्याला मला बोलवायला यावं लागणार नाही," नीलाताई म्हणाल्या. "पॅकिंगमध्येच बरी आहे मी."

"पण ताई, तुमचे गुडघे. आठ तास उभं राहायचं."

"गुडघे माझे आहेत."

मग सुरू झालं. दर सोमवारी रसाचा नवा घाणा, दर सोमवारी भुकटी. सर पॅकिंगच्या दारात यायचे. विलासला पाठवलं तर नीलाताई जायच्या नाहीत. फोन केला तर त्यांना ऐकू यायचं नाही. सरांनी यायचं, दारात थांबायचं, आणि म्हणायचं, "नीलाताई, येता का?" त्या हातातलं खोकं संपवायच्या. कधी दोन संपवायच्या. पॅकिंगच्या बाया माना खाली घालून हसायच्या. त्यांनी सरांचं नाव ठेवलं होतं, सोमवारचा जावई.

सरांनी सगळं करून पाहिलं. चित्रण पन्नास वेळा पाहिलं. त्यात नीलाताईंची पाठ होती. ॲसिटोन बदललं, भुकटीचा पुरवठादार बदलला, भट्टी बदलली. एकदा त्यांनी नीलाताईंचे हातमोजे तपासायला पाठवले. ती बातमी पॅकिंगला पोहोचली तेव्हा नीलाताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

सुटी मात्र त्यांना राहिली नाही. भाचीचं लग्न सोमवारी आलं, त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी सरुबाई वऱ्हाडाबरोबर आळंदीला जाऊन आल्या, आणि आल्या आल्या सुनेच्या समोर बसल्या.

"समद्यांनी इचारलं. काय सांगू मी? सून सायबाला दारात उभा करायला थांबलीय म्हनून?"

"सांगायचं."

"त्यानं माफी मागितली न्हवं?"

"माफी नाही मागितली. बाटली स्वच्छ होती एवढंच म्हणाला."

"तू तेवढंच मागितलं व्हतं की."

नीलाताई गुडघ्याला तेल चोळत राहिल्या.

अकरा महिने असे गेले. मग सरांनी राजीनामा दिला. होसूरला कुठे तरी चालले होते. बारीक झाले होते, शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसायचा. शेवटच्या दिवशी ते पॅकिंगला आले. सोमवार नव्हता. दारात थांबले नाहीत, आत आले, खोक्यांच्या कडेने, नीलाताईंच्या टेबलापर्यंत.

"आता मला काही करायचं नाही त्याचं," सर म्हणाले. "कंपनी सोडली, विषयही सोडला. नुसतं कळू दे. झोप येत नाही हो मला."

बायांचे हात थांबले. आरोही तिथेच होती, पावत्या न्यायला आलेली. तिला वाटलं, आता सांगतील. तिला मनापासून वाटलं.

नीलाताईंनी सरांकडे बघितलं. अगदी शांत. "तुम्हाला ठाऊक आहे, सर."

"नाही हो."

"बाटली घाण होती," नीलाताई म्हणाल्या.

सर वळले आणि खोक्यांच्या कडेने बाहेर गेले. पॅकिंगमध्ये कुणी हसलं नाही. आरोहीने पावत्या उचलल्या.

महिन्याभराने नव्या मॅडम आल्या. करिष्मा. लातूरकडच्या, तिशीच्या. पहिल्याच सोमवारी त्या पॅकिंगला आल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, दारात थांबायचं असतं म्हणून. सरळ आत आल्या, नीलाताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता खोकी उघडून द्यायला लागल्या.

"ताई, मी वह्या वाचून काढल्या सगळ्या. नमुना सोळा तुमचाय. ती चौकट मी उतरवून ठेवायलेय. निबंध दुरुस्त करून पाठवायचं म्हणतेय, तुमचं नाव पहिलं घालून. तुमची हरकत नाही ना?"

नीलाताईंनी मान हलवली. हरकत नव्हती.

"आणि मला शिकवताल का? मला जमंना झालंय. तुम्ही काय करता नेमकं?"

टेबलावर एक खोकं होतं. नीलाताई त्याच्याकडे बघत होत्या. आरोही दोन टेबलं सोडून होती. तिला नीलाताईंचे ओठ दिसत होते. ते उघडले, मिटले, परत उघडले.

"एसओपीत आहे तेच, मॅडम."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी ते खरं मानलं. सुर्वेंनी एकदाही खरं मानलं नव्हतं.

मॅडम प्रयोगशाळेत गेल्या आणि कागदावरच्या सहा ओळींप्रमाणे स्वतः नमुने केले. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. नीलाताईंना बोलावलं नाही. कागदावर सगळं आहे, मग बाईला आठ तासांच्या कामातून सोडवून कशाला आणायचं, असं त्या आरोहीला म्हणाल्या. भुकटी टेबलावर उघडी गार होत राहिली. काचेपलीकडे नीलाताई खोकी बांधत राहिल्या. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

शुक्रवारी मॅडमनी एक पान लिहून आरोहीकडे दिलं. ‘पंधरा नमुने केले. एकही जमला नाही. कार्यपद्धत बरोबर आहे, अनुभवी सहकाऱ्यांनी खात्री दिली आहे. नमुने मी केले. चूक माझी आहे.’ खाली सही.

आरोही ते पान घेऊन पॅकिंगला गेली. पान नुसतं टेबलावर ठेवलं.

नीलाताईंनी चष्मा लावला. पान वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर शिफ्टची बस येऊन उभी राहिली होती, बाया हात धुवायला गेल्या होत्या.

"ताई," आरोही म्हणाली, "आता राग कुणावर?"

नीलाताईंनी चष्मा काढला. पानाची घडी घातली, नखाने तिची कड दाबली आणि ते आरोहीच्या हातात परत दिलं.

"फाइल कर," त्या म्हणाल्या.